"थांब की गं, मॅच चालू आहे!": वयात आलेली पोरं, मोबाईल आणि आपलं घर

संध्याकाळची आठची वेळ, तव्यावर भाकरी, आणि मी किचनमधून थोरल्याला हाका मारतेय. पहिल्या हाकेला काही नाही, दुसरीला काही नाही, तिसरीला आतून आवाज, "थांब की गं, मॅच चालू आहे!" तोवर भाकरी फुगून खाली बसलेली, सासूबाई हॉलमध्ये फुल आवाजात यूट्यूबवर कीर्तन ऐकतायत, धाकटी ताटावर बसून रील बघतेय आणि आमचे हे व्हॉट्सअ‍ॅपवर "हो हो बघतो" करत बसलेले. आणि ओरडा कुणाला बसायचा तर फक्त थोरल्याला.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मी पतसंस्थेत कामाला, थोरला आता दहावीत, धाकटी आठवीत. दोन वर्षं या मोबाईलपायी घरात रोज कटकट होती, मी फोन हिसकावून घेतलाय, राउटरची वायर काढून पर्समध्ये घालून ऑफिसला नेलीय, "तुझ्या वयाचे असताना आम्ही" हे भाषण तर किती वेळा दिलं असेल मोजलं नाही. काही उपयोग झाला नाही, उलट पोरगं बोलायचंच बंद झालं. नंतर हळूहळू जे जमत गेलं ते इथं क्रमानं लिहितेय, कारण ऑफिसमधल्या दोघी-तिघी रोज डब्याच्या वेळी हेच विचारतात आणि तेच तेच सांगून माझा डबा गार होतो.

पहिलं काम: आठवडाभर तोंड बंद ठेवून नुसतं बघायचं

नियम लगेच करू नका. अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग म्हणून असतं, आयफोनला त्याला स्क्रीन टाइम म्हणतात. त्यात कुठल्या अ‍ॅपवर किती वेळ गेला हे दिवसाच्या हिशोबानं दिसतं, अँड्रॉइडमध्ये फोन किती वेळा उघडला आणि नोटिफिकेशन किती आल्या तेही दिसतं. हे पोराच्या पाठीमागं चोरून बघायचं नाही, त्याला सांगूनच बघायचं, आणि आधी स्वतःचं उघडून दाखवायचं. मी दाखवलं. दिवसात फोन एकशे बारा वेळा उघडलेला, त्यातला निम्मा वेळ स्टेटस बघण्यात. थोरला एवढा हसला की काय सांगू. पण त्यानंतर त्यानं त्याचा फोन न मागता पुढं केला, आधीची दोन वर्षं तो माझ्या हातात द्यायला तयार नव्हता.

आकड्यांपेक्षा वेळा नीट बघा. आमच्याकडं दिसलं की शाळेतून आल्यावर तो फारसा खेळतच नाही, सगळा खेळ रात्री साडेनऊ ते साडेबारा. आणि धाकटीचं उलटं, तिचं एकसलग काहीच नाही, पाच मिनिटं, तीन मिनिटं, सात मिनिटं असं दिवसभर ठिपके ठिपके. म्हणजे एकाच घरात दोन वेगळे प्रश्न होते आणि मी दोघांना एकच औषध देत होते.

मग तो काय खेळतो ते समजून घ्यायचं (इथं घाई करू नका)

माझी सगळ्यात मोठी चूक इथंच झाली होती. मला वाटायचं गेम म्हणजे टीव्हीसारखं, बंद केलं की बंद. बीजीएमआय (म्हणजे पबजीचं भारतातलं रूप) सारख्या गेममध्ये तसं नसतं. क्लासिक मॅच म्हणजे शंभर जण एका मोठ्या मॅपवर उतरतात, सुरक्षित गोल (त्याला झोन म्हणतात) लहान लहान होत जातो आणि शेवटी जो उरेल तो जिंकला, मोठ्या मॅपवर हे सगळं व्हायला अर्धा तास सहज लागतो. चौघांचा स्क्वॉड असतो. ऑनलाइन असल्यामुळं मध्ये पॉज नावाचं बटणच नाही. विसाव्या मिनिटाला तुम्ही फोन काढून घेतलात तर तुमच्या दृष्टीनं तुम्ही एक गेम बंद केला, त्याच्या दृष्टीनं त्यानं तीन मित्रांना ऐन वेळी टाकून पळ काढला आणि वर रँक खाली गेली ते वेगळंच. आपल्याला कुणी चालू कबड्डीतून हात धरून घरी नेलं असतं तर आपण तरी काय केलं असतं.

तेव्हा साधी युक्ती: मिनिटं मोजू नका, मॅच मोजा. "अर्धा तास खेळ" म्हटलं की भांडण ठरलेलं, कारण अर्धा तास नेमका मॅचच्या मधोमध संपतो. "जेवणाआधी एक मॅच, नवीन सुरू करायची नाही" म्हटलं की तो स्वतःच उठतो. मी आता हाक मारायच्या आधी विचारते, "कितवा झोन चाललाय?" शेवटचा असेल तर भाकरी पाच मिनिटांनी टाकते. ऐकायला विचित्र वाटेल, पण घरातली अर्धी भांडणं या एका वाक्यानं संपली.

फ्री फायर मॅक्सची मॅच त्यापेक्षा बरीच लहान असते. (मूळ फ्री फायर २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्याकडं बंद झालं, मॅक्स चालू राहिलं. पबजी त्याआधीच, सप्टेंबर २०२० मध्ये गेलं होतं आणि २०२१ ला बीजीएमआय नावानं भारतासाठीचं आलं, तेही मध्ये दहाएक महिने बंद होतं.) माइनक्राफ्टसारखं काही असेल तर त्यात एकट्यानं खेळताना थांबवून ठेवता येतं, तिथं घड्याळ चालतं. म्हणजे प्रत्येक गेमचा आपला एक स्वभाव आहे, तो माहीत नसताना केलेला नियम हवेतच जातो.

आणि एकदा तरी त्याच्याबरोबर खेळा. मी खेळले. विमानातून उडी मारली, कुठल्यातरी घराच्या छपरावर पडले, बंदूक सापडायच्या आधीच कुणीतरी मारलं. शेजारी बसून पोरगं ओरडतंय, "आई झोप, झोप की, प्रोन हो!" आणि मी म्हणतेय अरे झोपू कुठं, बटण कुठंय! दोन मिनिटांत खेळ खल्लास. पण त्या दोन मिनिटांत हेडफोनमधून मला त्याची टीम ऐकू आली. एक पोरगा तासगावचा, एक शाळेतलाच, आणि तिसरा... तिसरा आवाज ओळखीचा वाटला. चौथीपासून आमच्याकडं रोज यायचा तो शेजारचा पोरगा, वडिलांची बदली झाली म्हणून गेल्या वर्षी पुण्याला गेला. "काकू तुम्ही खेळताय? विषय हार्ड!" म्हणाला.

मला तेव्हा कळलं की रात्री साडेनऊलाच का. तो पुण्यात क्लास सुटून घरी येतो साडेनऊला. हे दोघं तीन तास गेम खेळत नव्हते, निम्मा वेळ लॉबीत, म्हणजे मॅच सुरू व्हायच्या आधीच्या जागेत, बसून गप्पा मारत होते, आपण कट्ट्यावर बसायचो तसं. मी वर्षभर रोज जे हिसकावून घेत होते ते नक्की काय होतं हे मला माहीतच नव्हतं. यावर मी फार लिहीत नाही, पण वाचणाऱ्या आयांनो, नियम करायच्या आधी एकदा हेडफोन मागून घ्या.

"किती तास" हा प्रश्न सोडा, "कधी आणि कुठं" ठरवा

दिवसाला दोन तास की तीन तास यावर तुम्ही कधीच एकमत होणार नाही. बीजीएमआय मे २०२३ मध्ये परत सुरू झालं तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली होती, पण पोरं मोठ्यांच्या नावानं खेळली की ती मर्यादा कुठं राहते. त्यापेक्षा फोन नसणाऱ्या जागा आणि वेळा ठरवा आणि त्या घरातल्या सगळ्यांना लागू करा. आमच्या तीन आहेत: ताट, झोप, आणि अभ्यासाचं टेबल. बाकी वेळेला मी डोकं खुपसत नाही.

सगळ्यांना लागू हे महत्त्वाचं का, त्याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला मंदिरावरून भोंगा वाजवायला सुरुवात केली, भोंगा झाला की अख्ख्या गावात टीव्ही आणि मोबाईल बंद, साडेआठला परत भोंगा झाला की मोकळे. मधला दीड तास पोरांचा अभ्यास, मोठ्यांचं वाचन, गप्पा. सुरुवातीला कोण ऐकेना म्हणून आशाताई, अंगणवाडीताई, रिटायर मास्तर घरोघरी फिरले. बाहेरच्या पेपरांनी भोंग्याचं कौतुक केलं. मला विचाराल तर भोंग्यापेक्षा मोठी गोष्ट ही की तिथं आईची सिरीयलपण बंद होती. पोराला एकट्याला बंदी म्हणजे शिक्षा, सगळ्यांना बंदी म्हणजे गावची रीत, आणि रीत मोडताना पोरगं दहादा विचार करतं.

झोपेचं जरा सविस्तर सांगते कारण यातच सगळ्यात जास्त नुकसान होतं. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. आणि वयात येताना शरीराचं घड्याळच पुढं सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा तयार व्हायला लागतं, म्हणजे दहाला "झोप येत नाही" म्हणतो तो प्रत्येक वेळी नाटक करत नसतो. त्यात डोळ्यापुढं स्क्रीन आणि मॅचची धडधड असली की ते अजून पुढं जातं. आणि सकाळी सातची शाळा! चौथीपर्यंतच्या शाळा नऊनंतर भरवा असं सरकारनं २०२४ मध्ये सांगितलं, ज्यांना खरंच उशिरा झोप येते त्या नववी-दहावीवाल्यांचा मात्र कुणी विचार केला नाही. असो.

तर आमचा उपाय: हॉलमध्ये टीव्हीखाली एक्स्टेंशन बोर्ड आहे, रात्री दहाला घरातले सगळे फोन तिथं चार्जिंगला. चार्जर बेडरूममध्ये नकोच. "मला अलार्म लागतो" ही पहिली पळवाट येणार, म्हणून गणपती पेठेतून दीडशे रुपयांचं टेबलावरचं घड्याळ आणलं, फार कर्कश वाजतं, त्या घड्याळाला सगळे शिव्या देतात पण उठतात.

आणि पुण्याच्या मित्राचं काय? शुक्रवार-शनिवार रात्री साडेअकरापर्यंत मोकळं, इतर दिवशी साडेनऊ ते दहा फक्त फोनवर बोलणं, मॅच नाही. हे त्या दोघांनीच आपापसात ठरवलं. त्याच्या आईला मी फोन केला तर ती म्हणाली, "बरं झालं बाई, मी पण हेच म्हणत होते पण हा म्हणायचा सांगलीवाला जागा असतो." दोन्ही आया एकमेकींच्या पोराकडं बोट दाखवत बसलेल्या. पोरांच्या मित्रांच्या घरी एक फोन करा, फुकट आहे आणि फार काम करतो.

ठराव कसा करायचा

रविवारी सकाळी, पोट भरलेलं असताना. भांडणाच्या दिवशी नाही, परीक्षेच्या मार्कांच्या दिवशी तर मुळीच नाही. आम्ही भडंगाचं ताट मध्ये ठेवून बसलो, सासूबाईंना पण बसवलं. लिहायला वही थोरल्याकडं दिली, हे मुद्दाम, जो लिहितो त्याला ते आपलं वाटतं. आधी तो काय मागतो ते लिहायला लावलं, मग आम्ही. त्यानं मागितलं: खेळताना कुणी मागून येऊन स्क्रीनसमोर हात घालायचा नाही, पाहुण्यांसमोर मोबाईलवरून बोलायचं नाही, पप्पांनी पण जेवताना फोन घ्यायचा नाही. तिन्ही मागण्यांवर मला बोलायला तोंडच नव्हतं.

शेवटी पाच ओळी झाल्या, कॅलेंडरशेजारी चिकटवल्या. ताटावर फोन नाही. दहाला सगळे फोन बोर्डवर. अभ्यासाच्या टेबलावर फोन नाही, काही बघायचं असेल तर हॉलमध्ये येऊन बघायचं. शाळेच्या दिवशी दोन मॅच, सुट्टीला मोकळं पण संध्याकाळी दोन तास घराबाहेर. आणि मोडलं तर दुसऱ्या दिवशी एक मॅच कमी. बस. शिक्षा छोटी ठेवा, "महिनाभर फोन बंद" असली शिक्षा आपल्यालाच पाळता येत नाही, चौथ्या दिवशी क्लासचं नोट्सचं पीडीएफ येतं आणि आपणच फोन परत देतो, मग आपल्या शब्दाला काय किंमत राहिली.

सासूबाईंना आवाज कमी करायचा किंवा इअरफोन लावायचा असं ठरलं. इअरफोन लावल्यावर त्यांना काही ऐकूच येत नाही हा नवीन प्रॉब्लेम झाला, हाक मारली की शेजारची येते पण त्या नाही.

फोनमधली सेटिंग, आणि तिच्या पळवाटा

सेटिंग ठरावानंतर, आधी नाही. आधी कुलूप लावलं तर पोरगं कुलूप फोडायच्या मागं लागतं.

धाकट्या मुलांसाठी गूगलचं फॅमिली लिंक चांगलं आहे आणि फुकट आहे. तुमच्या फोनवर टाकायचं, मुलाचं अकाउंट जोडायचं, मग रोजची मर्यादा, रात्रीचा डाउनटाइम (म्हणजे फोन बंद राहायची वेळ), कुठलं अ‍ॅप घ्यायचं त्याला तुमची परवानगी, हे सगळं तुमच्याकडून होतं. तेरा वर्षांवरच्या मुलाच्या चालू अकाउंटवर हे लावायचं तर त्याची संमती लागते, म्हणजे परत बोलणं आलंच. थोरल्याला मी हे लावलं नाही, त्याला त्याच्याच फोनमध्ये अ‍ॅप टायमर आणि बेडटाइम मोड लावायला सांगितलं. बेडटाइम मोडमध्ये स्क्रीन काळी-पांढरी करता येते, आणि खरं सांगू का, रंग गेले की रील बघण्यातली मजाच जाते, माझ्या स्वतःच्या फोनला मी नऊनंतर हेच लावलंय.

यूट्यूबसाठी दोन गोष्टी करा. एक, ऑटोप्ले बंद. दोन, वॉच हिस्टरी बंद करून आधीची पुसून टाका, मग उघडल्यावर होमवर व्हिडिओंचा ढीग येत नाही, जे हवं ते शोधावं लागतं. शोधून बघणं आणि समोर आलं म्हणून बघणं यात फार फरक पडतो.

पळवाटा माहीत असू द्या: फोनमध्ये गेस्ट किंवा दुसरा युजर उघडणं, अ‍ॅपऐवजी ब्राउझरमधून जाणं, तेच अ‍ॅप डबल करणं, आज्जीच्या फोनमध्ये टाकून ठेवणं. आमच्याकडं शेवटची सापडली. सासूबाईंचा फोन स्लो का झाला म्हणून दुकानात न्यायला निघाले होते, बघितलं तर दोन मोठाले गेम. मी ओरडले नाही, फक्त ठरावाच्या कागदाखाली सहावी ओळ लिहिली: "आज्जीचा फोन आज्जीचा."

अजून एक बघा, आपण मोबाईल पॅकवर होतो तेव्हा दिवसाचा दीड जीबी संपला की खेळ आपोआप संपायचा, भांडण कंपनीबरोबर. घरात वायफाय आलं आणि ती भिंत गेली. बऱ्याच राउटरमध्ये ठरावीक फोनचं नेट ठरावीक वेळेला बंद करायची सोय असते, लाइन जोडायला आलेल्या पोराला विचारलंत तर पाच मिनिटांत लावून देतो.

लपून बघणारी, मेसेज वाचणारी अ‍ॅप मात्र टाकू नका. एक ना एक दिवस कळतंच, आणि मग खरी अडचण आली की पोरगं सगळ्यांना सांगेल, तुम्हाला सोडून.

मुलींचं, इन्स्टाचं

धाकटीचा प्रश्न गेमचा नव्हताच. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, त्यातून फुटलेला मैत्रिणींचा ग्रुप, त्यातून तिला वगळून केलेला तिसरा ग्रुप. रात्री अकराला फोन बघायची ती मजा म्हणून नाही, आपल्याबद्दल काय चाललंय या भीतीनं. तिला "फोन ठेव" म्हणून काही होत नव्हतं, "काय म्हणतायत गं सगळ्या?" असं वेणी घालताना विचारलं तेव्हा बोलली. वेणी घालताना तोंड दिसत नाही ना एकमेकींचं, मग पोरी बोलतात.

इन्स्टाला वय किमान १३ लागतं. फेब्रुवारी २०२५ पासून भारतातही टीन अकाउंट आली आहेत: अकाउंट आपोआप प्रायव्हेट, अनोळखी माणूस मेसेज करू शकत नाही, दिवसाला ६० मिनिटं झाली की आठवण येते, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद, आणि सोळाच्या आतल्यांना हे सैल करायचं तर पालकांची परवानगी लागते. ऐकायला छान आहे. पण पोरांनी अकाउंट काढताना जन्मसाल २००० टाकलेलं असतं! आमच्या धाकटीच्या इन्स्टावर तिचं वय माझ्या धाकट्या भावाएवढं होतं. मग कुठलं टीन अकाउंट आणि कुठलं काय. म्हणून सगळ्यात आधी प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जन्मतारीख बघा आणि खरी करा.

कुणी फोटो मागितला, दिलेला फोटो पसरवायची धमकी दिली, तर पोरांना आधीच सांगून ठेवा: पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही, स्क्रीनशॉट काढायचा आणि त्याच मिनिटाला घरी सांगायचं, कितीही वाजले असू देत. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते, पैसे गेले असतील तर १९३० ला लगेच फोन, लहान मुलांसाठी १०९८ आहे. हे नंबर आमच्या फ्रीजवर आहेत, गॅस सिलेंडरच्या नंबरशेजारी.

पैशाचं

इथं आमचा हात पोळलाय. ह्यांच्या खात्यातून दीड महिन्यात १,७४० रुपये गेले, ८९, १७९ असे सुट्टे सुट्टे, म्हणून लक्षात आले नाहीत. एका गेममध्ये कपडे आणि बंदुकीचे रंग घेतले होते. पिन कसा कळला? आपणच सांगितलेला, "पप्पांचा फोन घे आणि कोपऱ्यावरनं दूध आण, पिन अमुक." चूक निम्मी आमची. पिन बदलला, प्ले स्टोअरमधून पेमेंटच्या पद्धती काढून टाकल्या, प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सेटिंग चालू केली, आणि यूपीआय लाइट बंद केलं कारण त्यात छोट्या रकमेला पिनच लागत नाही. चुकून घेतलं असेल आणि लगेच लक्षात आलं तर ४८ तासांच्या आत प्ले स्टोअरवर रिफंड मागून बघा. थोरल्यानं निम्मे पैसे दिवाळीच्या ओवाळणीतून भरले. आता त्याला महिन्याला रोख तीनशे मिळतात, त्यात त्यानं वडापाव खावा नाहीतर बंदूक रंगवावी, मी विचारत नाही.

पैसे लावून खेळायचे रमी, फँटसी टीम असले प्रकार ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं बंद झालेत. पण आयपीएल सुरू झाली की कुठून कुठून लिंक येतात. घरात मोठं माणूस त्या लिंका उघडत असेल तर आधी त्याच्याशी बोला, पोराशी नंतर.

रिकामा झालेला वेळ

फोन ठेवला, आता काय? याचं उत्तर तयार नसेल तर वरचं सगळं वाया. "बाहेर जाऊन खेळ" म्हणणं सोपं असतं, बाहेर कोण असतं खेळायला? आणि आपल्या लहानपणासारखं कृष्णेवर पोहायला जा म्हणायचीही सोय नाही, मगरी दिसतात.

मोबाईलवर जे आवडतं त्याचंच खरं रूप शोधा, एकदम वेगळं काही लादू नका. धाकटी फोनवर बुद्धिबळ खेळायची, आणि सांगलीत राहून बुद्धिबळाला जागा नाही असं कसं म्हणणार, भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून घडवलेल्या पोरी देशात गाजल्या, भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे दोघी इथल्याच. समोर खरी सोंगटी आणि समोर खरं माणूस बसलं की पोरगी दोन तास फोन विसरते. थोरल्याला मी तालीम, कबड्डी, तबला सगळं सुचवून बघितलं, एकही चाललं नाही. चाललं काय तर सायकल. हरिपूरपर्यंत, संगमाकडं, मित्राबरोबर. मध्ये मध्ये त्या सायकलचे व्हिडिओ काढून एडिट करतो, म्हणजे परत मोबाईलच, पण हा मोबाईल वेगळा आहे हे मला आता कळतं. बघणं, खेळणं आणि बनवणं, तिन्ही एकाच स्क्रीनवर असलं तरी एक नाही.

कधी आपल्या हातातलं राहत नाही

खेळतो म्हणजे व्यसन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंग डिसऑर्डर हा आजार यादीत घेतला, १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू झाली, पण त्याची अट कडक आहे: खेळावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येतो, नुकसान दिसत असूनही थांबत नाही, आणि हे साधारण १२ महिने चालू असतं. शाळा बुडायला लागली, आंघोळ-जेवण सुटलं, मित्र तुटले, फोन काढला की मारहाण किंवा स्वतःला इजा करायची भाषा आली, तर मात्र महिने मोजत बसू नका. मनाच्या त्रासासाठी टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसोपचाराच्या मोठ्या दवाखान्यात तर २०१४ पासून यासाठी वेगळं क्लिनिक आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडं जाण्यात "लोक काय म्हणतील" असलं तर मिरज दवाखान्यांचंच गाव आहे, कोण कुठल्या दवाखान्यात चाललंय बघायला कुणाला वेळ नाही.

आणि हे सगळं सुरळीत चालतं असं समजू नका. परीक्षेत ठराव मोडला, गणपतीत मोडला, मामेभाऊ राहायला आला तेव्हा तर चार दिवस कागदच काढून ठेवला होता. दर दोन महिन्यांनी परत भडंग घेऊन बसतो आणि ओळी बदलतो. मागच्या वेळी "दोन मॅच" खोडून "सराव परीक्षेपर्यंत एक" असं झालं, त्यानंच खोडलं, मी तेव्हा तोंडात कांदा होता म्हणून गप्प होते.

काल रात्री दहाला पाच कमी असताना तो हॉलमध्ये आला, फोन बोर्डवर लावला, माझा लावलेला बघितला, धाकटीचा बघितला, आज्जीचा बघितला. मग बोर्डवर मोकळं राहिलेलं एक भोक बघून मला म्हणाला, "पप्पांचा कुठंय?" मी काही बोलले नाही, नुसतं बाथरूमच्या दाराकडं बोट दाखवलं. त्यानं जाऊन दार वाजवलं, "पप्पा, कितवा झोन चाललाय?"